एक्स-रे टेबलाची गादी: प्रत्येक फिल्मवर तोच डाग येत असेल तर काय तपासायचं

‘दादा, डिटेक्टर गेला वाटतं. कमरेच्या प्रत्येक फिल्मवर डाव्या बाजूला पांढरा ठिपका येतोय.’

सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, पंढरपूर या पट्ट्यात एक्स-रे आणि सीटीच्या मशीन सांभाळताना हा फोन इतक्यांदा आलाय की आता मी मशीनबद्दल आधी काही विचारतच नाही. गादी उचलून बघितली का, एवढंच विचारतो. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: ‘गादीचा काय संबंध?’

संबंध असा. टेबलावर पेशंट झोपला की वर किरण सोडणारी ट्यूब, मग पेशंट, मग गादी, टेबलटॉप, ग्रिड (विखुरलेले किरण गाळणारी जाळी) आणि शेवटी चित्र टिपणारा डिटेक्टर. किरण गादीतूनच जातात. फिल्मवर जे पांढरं दिसतं ते किरण अडवणारं असतं, मग ते हाड असो, मुतखडा असो किंवा गादीच्या शिवणीत वाळलेला कॉन्ट्रास्टचा (फिल्मवर पांढरं उठून दिसावं म्हणून देतात त्या औषधाचा) थेंब असो. मशीन फरक करत नाही. मशीनची देखभाल होते, टेबल पुसलं जातं, पण गादी फर्निचरमध्ये धरली जाते, आणि फाटली की जवळच्या गादीवाल्याकडून शिवून आणली जाते. निम्मी दुखणी तिथूनच सुरू होतात.

खालचा क्रम फुकटापासून महागाकडे जातो. मधली पायरी गाळू नका. पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच बहुतेक वेळा उत्तर सापडतं आणि इंजिनिअरच्या व्हिजिटचे पैसे वाचतात. (हे मी माझ्याच पोटावर पाय देऊन सांगतोय.)

लक्षणं

सगळ्यात ओळखीचं लक्षण म्हणजे वेगवेगळ्या पेशंटच्या फिल्मवर साधारण एकाच जागी ठिपका, ओघळ किंवा बारीक रेघ. केयूबीमध्ये (किडनीपासून मूत्राशयापर्यंतच्या पोटाच्या एक्स-रेत) हे फार त्रास देतं. उन्हाळ्यात आपल्याकडे पोटात कळ येऊन येणारे पेशंट भरपूर, आणि किडनीच्या किंवा युरेटरच्या (मूत्रनलिकेच्या) वाटेवर पांढरा ठिपका दिसला की खड्याची शंका येणारच. सलग दोन पेशंटना एकाच उंचीवर, एकाच बाजूला, एकाच आकाराचा ‘खडा’ दिसला तर रिपोर्ट सही करण्याआधी थांबा.

दुसरं लक्षण म्हणजे ठिपका नाही, पण सगळ्या फिल्मवर ढगाळ, कणीदार पोत. लहान मुलांच्या आणि हाता-पायाच्या कमी केव्हीच्या (ट्यूबच्या कमी व्होल्टेजच्या) फिल्मवर तो जास्त उठून दिसतो.

तिसरं डोळ्यांना दिसतच नाही. एईसीवर (पुरेसे किरण पोचले की ट्यूब आपोआप बंद करणाऱ्या सोयीवर) काढलेल्या एक्स-रेत एमएएस (ट्यूबने किती किरण सोडले त्याचा आकडा) हळूहळू वाढलेला असतो. त्याच बांध्याच्या पेशंटला पूर्वी लागायचा त्याहून जास्त. फिल्म मात्र छान येते, म्हणून कोणी तक्रार करत नाही.

सीटीत पाठीखाली चमकणारे बिंदू किंवा त्यांच्यापासून निघणाऱ्या रेघा दिसतात. पेशंट ‘माकडहाड टोचतंय’ म्हणून हलतो आणि स्कॅन पुन्हा करावा लागतो. गादीला कुबट वास, चिकटपणा, कव्हरला भेगा, पेशंट उतरताना गादीच सरकणं, ही तर उघड लक्षणं आहेत.

एमआरआयमध्ये पेशंट ‘गरम लागतंय’, ‘चटका बसला’ म्हणाला तर मात्र ही यादी वाचत बसू नका. स्कॅन थांबवा, पेशंटला बाहेर काढून कातडी बघा आणि कंपनीला कळवा.

आणखी एक अट. खाली जिथे जिथे ‘एक्स्पोजर द्या’ म्हटलंय तिथे ते प्रशिक्षित टेक्निशियननेच द्यायचं, खोली रिकामी करून, दार लावून. चाचणीसाठी माणूस टेबलावर झोपवायचा नाही. मामांना ‘जरा हात ठेवा हो’ म्हणायचं नाही.

१. डाग कोणाबरोबर हलतो?

रिकाम्या टेबलावर गादी ठेवून एक एक्स्पोजर घ्या. मग तरंगता टेबलटॉप ५ सेंमी बाजूला सरकवा, ट्यूब आणि बकी (टेबलाखालचा, डिटेक्टर आणि ग्रिड बसवलेला ट्रे) तिथेच राहू द्या, आणि दुसरं घ्या. डाग टेबलाबरोबर सरकला तर तो गादीत किंवा टेबलटॉपवर आहे. जागेवरच राहिला तर गादी निर्दोष. मग डिटेक्टर, ग्रिड किंवा कॉलिमेटर (ट्यूबखालची, किरणांचा झोत आखून देणारी पेटी). दोन्हीत डाग नाही, पण पेशंट आला की येतो, तर तो पेशंटचा आहे: कपड्याचं बटण, कमरेचा करदोडा, त्यातला ताईत. आपल्याकडे करदोडा काढायला बरेच जण तयार नसतात. नीट समजावलं तर वर सरकवायला तयार होतात.

डागाची कडा पण बघा. डिटेक्टरजवळची वस्तू धारदार दिसते. कॉलिमेटरच्या खिडकीवरचा डाग ट्यूबजवळ असल्यामुळे मोठा आणि पुसट येतो. कडा धारदार आणि डाग टेबलाबरोबर हलतो, म्हणजे नव्वद टक्के गादी.

वायरलेस पॅनेल किंवा सीआर कॅसेट (टेबलाबाहेर काढता येणारा डिटेक्टर) असेल तर अजून सोपं. पॅनेल गादीच्या वर ठेवून एक्स्पोजर द्या. डाग गायब झाला तर तो पॅनेलच्या खाली कुठेतरी होता.

२. चादर काढा

हे सांगताना मलाच थोडं अवघड वाटतं, कारण गाव आपलं आणि चादरही आपलीच. पण सोलापुरी चादर एक्स-रे टेबलावर नको. जाड विणीची चादर दुमडली की घडीची रेघ कमी केव्हीच्या फिल्मवर येऊ शकते. टॉवेलची गुंडाळी मानेखाली ठेवली तर तिच्या थरांच्या रेघा येतात. पातळ, एकेरी, सुरकुती नसलेली चादर घाला, तीही प्रत्येक पेशंटला बदलून. चादर झटकताना चिकटपट्टीचे तुकडे, सुईची टोपणं, ईसीजीचे इलेक्ट्रोड, एक रुपयाची नाणी सगळं निघतं.

३. गादी उचलून खाली पुसा

आयव्हीपी, एचएसजी, बेरियम अशा कॉन्ट्रास्ट देऊन करायच्या तपासण्यांची यादी लागलेल्या दिवसानंतर हे करायलाच हवं. आयोडीनचा कॉन्ट्रास्ट वाळल्यावर पारदर्शक, चिकट पापुद्रा होतो. ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही, हाताला मात्र लागतो. हातमोजा घालून तळहात फिरवा, चिकट लागेल तिथे कोमट पाण्याच्या फडक्याने पुसा. हा कॉन्ट्रास्ट पाण्यात विरघळतो, जोर लावावा लागत नाही. बेरियम विरघळत नाही. त्याची पांढरी खपली साबणाच्या ओल्या फडक्याने भिजवून उचलावी लागते. ब्लेडने खरवडू नका. कार्बन फायबरच्या टेबलटॉपवर चरा पडला तर तोच पुढचा डाग होतो.

गादीच्या कडेखालची आणि रेलच्या खाचेची जागा विसरू नका. थेंब ओघळून तिथेच साचतात.

एवढ्याशा थेंबाने इतकं पांढरं का दिसतं? आयोडीनचा के-एज (ज्या ऊर्जेच्या वर पदार्थ किरण एकदम जास्त अडवू लागतो ती) ३३ केईव्हीच्या आसपास, बेरियमचा ३७ च्या. एक्स-रे बीममधली भरपूर ऊर्जा त्याच्या लगेच वरच्या पट्ट्यात असते, म्हणूनच तर हे पदार्थ कॉन्ट्रास्ट म्हणून निवडले. पेशंटच्या अंगात जे काम करतात तेच काम ते गादीवरही इमानाने करतात.

४. गादी फिरवा, मग वजन करा

डोक्याची बाजू पायाकडे करा. एका कोपऱ्यावर नाणं ठेवून खूण करा, साधारण ६० केव्हीवर, कमी एमएएसने, गादीच्या लांबीभर दोन-तीन एक्स्पोजर घ्या. डाग गादीबरोबर फिरला तर तो गादीतच आहे. नाही फिरला तर टेबलटॉपमध्ये. मग गादी पूर्ण काढून एक रिकामं एक्स्पोजर घ्या. हे तुलनेसाठी हवंच, कारण रिकाम्या एक्स्पोजरवर डीआरचं (डिजिटल एक्स-रेचं) सॉफ्टवेअर कॉन्ट्रास्ट ताणून दाखवतं आणि साधा फोमही भयानक दिसतो. गादीसह आणि गादीविना दोन्ही चित्रं शेजारी ठेवून, विंडो (चित्राची उजळ-गडद पातळी) सारखीच ठेवून बघा.

आता वजन. ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण पेशंटच्या वजनकाट्यावर दोन मिनिटांत होते आणि गादीवाल्याची सगळी बतावणी उघडी पडते.

हिशोब असा. गादी २ मीटर लांब, ६० सेंमी रुंद, ५ सेंमी जाड. म्हणजे ०.०६ घनमीटर. चांगला पॉलियुरेथेन फोम घनमीटरला ३५ किलो धरला तर फोमचं वजन साधारण २.१ किलो. पातळ पीयू कव्हर अर्धा-पाऊण किलो. सगळी मिळून तीन किलोच्या आत हवी. तुमची गादी पाच-सहा किलो भरत असेल तर आत किंवा वर काहीतरी भलतंच आहे. माझ्या पाहण्यात ते तीनपैकी एक असतं.

पहिलं, रिबॉन्डेड फोम. कापणावळीतले फोमचे तुकडे दाबून, चिकटवून केलेला. घनमीटरला ८०-१०० किलोपर्यंत जातो, आणि तुकड्यांची घनता वेगवेगळी असल्यामुळे फिल्मवर ढगाळ, कणीदार पोत येतो. त्यात कधी स्टेपलची पिनही सापडते. सोफ्याला हा फोम उत्तम. एक्स-रेला नाही.

दुसरं, चॉक भरलेला फोम. स्वस्त फोम जड आणि ‘भारी’ वाटावा म्हणून कॅल्शियम कार्बोनेटची पूड मिसळतात. कॅल्शियम म्हणजे हाडात असतो तोच. किरण तो अडवणारच.

तिसरं, जाड रेक्झिन. लोक फोमच्या जाडीकडे बघतात आणि कव्हर विसरतात. पण वर काढलेल्या हिशोबाने ५ सेंमी फोम म्हणजे वजनाने जेमतेम पावणेदोन मिलीमीटर पाण्याएवढा. रेक्झिन पीव्हीसीचं असतं. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन, आणि क्लोरीन हा कार्बन-ऑक्सिजनपेक्षा बराच जड अणू. मिलीमीटरभर जाड रेक्झिनचे वर-खाली मिळून दोन थर आतल्या सगळ्या फोमपेक्षा जास्त किरण अडवू शकतात. काथ्याची आणि कापसाची गादी तर नावच काढू नका. कापसाच्या गाठी फिल्मवर मोजता येतात.

जाडीचाही एक तोटा आहे. पेशंटला मऊ लागावं म्हणून १० सेंमीची गादी घातली की शरीर डिटेक्टरपासून लांब जातं आणि चित्र मोठं होतं. ट्यूब १०० सेंमीवर आणि हाड डिटेक्टरपासून १० सेंमीवर असेल तर चित्र ११ टक्के मोठं येतं. तेच हाड १५ सेंमीवर गेलं तर जवळजवळ १८ टक्के. खुब्याचा सांधा बदलण्याआधी फिल्मवरून माप काढणाऱ्या ऑर्थोपेडिक सरांना हा फरक महागात पडतो.

५. कव्हरची पाण्याची चाचणी

आधी डोळ्यांनी बघा. शिवणी, पायपिंग, चेनची बाजू, आणि पेशंटचे ढुंगण टेकतात तो मधला भाग. सुईची भोकं, पापुद्रे, चिकटपणा, रंग उडालेले चट्टे. निळं कव्हर मध्येच पांढुरकं झालं असेल तर तिथे हायपोक्लोराइट ओतून तसंच वाळू दिलंय हे नक्की. दर पेशंटनंतर स्पिरिट फवारलं की पीव्हीसीतला मऊपणा देणारा घटक निघून जातो. मग एसी खोलीत ते कडक होतं आणि दुमडलं की तडकतं.

भेग दिसत नाही म्हणजे कव्हर चांगलं, असं नाही. म्हणून ही चाचणी: चेन उघडा, कव्हर आणि फोमच्या मध्ये टिश्यू पेपर किंवा कोरा कागद सरकवा, कव्हर मुठीने दाबून खळगा करा, त्यात पाव कप पाणी ओता. पाच-दहा मिनिटं थांबा, मधूनमधून मुठीने दाबत राहा. पाणी टिपून घ्या आणि कागद बघा. कागद ओला असेल तर कव्हर गळतंय, मग ते कितीही नवं दिसो. मधला भाग, एक शिवण आणि डोक्याची बाजू, अशा तीन ठिकाणी करा. हे टेबलावर नाही, बाहेर स्टुलावर किंवा फरशीवर करायचं. टेबलाच्या आत मोटर आणि वायरिंग आहे.

चेन उघडलीच आहे तर कव्हरची आतली बाजू आणि फोम पण बघा. फोमवर पिवळे-तपकिरी डाग, ओल किंवा वास असेल तर निकाल लागला. आत गेलेलं रक्त, लघवी, कॉन्ट्रास्ट पुढच्या पेशंटचं वजन पडलं की त्याच वाटेने वर येतं. हॉस्पिटलच्या बेडच्या गाद्यांची कव्हरं गळून संसर्गाचा धोका होतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१३ साली दिला होता. एक्स-रेची गादी तर बेडपेक्षा जास्त पेशंट बघते. सिव्हिलसारख्या ठिकाणी दिवसाला किती जण त्याच गादीवर चढून उतरतात ते मोजून बघा.

फोम भिजला असेल तर धुऊन, गच्चीवर वाळवून पुन्हा घालू नका. सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात वरचा थर तासाभरात कडकडीत होईल, मधली ओल आणि मधला कॉन्ट्रास्ट तिथेच राहील. चिकटपट्टी लावणं, सुईदोऱ्याने टाका घालणं हेही नको. टाक्याचं प्रत्येक भोक गळतं.

पुसण्याचा क्रम एवढाच: साबणपाणी, मग जंतुनाशक आणि त्याला बाटलीवर लिहिलेला वेळ, मग साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. शेवटची दोन फडकी मावशींना कोणी सांगतच नाही, आणि कव्हरं त्यानेच मरतात.

६. गादी बसली आहे का?

दोन्ही हातांची मूठ एकात एक अडकवा, कोपर सरळ ठेवा आणि अंगाचा भार देऊन गादी दाबा. मधल्या भागात दाबा, मग कडेला न वापरलेल्या कोपऱ्यात दाबा. मध्ये टेबल लगेच हाताला लागतं आणि कोपऱ्यात लागत नाही, म्हणजे फोम मेला. नंतर लांब सरळ पट्टी आडवी ठेवून मधला खड्डा मोजा. ५ सेंमीच्या गादीत तो १ सेंमीच्या वर गेला की मी बदला म्हणतो. हा माझा अंदाज आहे, नियम नाही.

मेमरी फोमबद्दल एक गोष्ट. तो गरमीत मऊ आणि थंडीत कडक होतो. दुकानात ४० अंशाच्या उन्हात दाबून पाहिलेली गादी २० अंशाच्या सीटी रूममध्ये पाट लागते. चाचणी खोलीच्याच तापमानात करा, एसी तासभर चालू ठेवून.

छातीच्या एक्स-रेला दोन मिनिटं झोपणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. पण खुब्याचं हाड मोडलेल्या आजी, लकवा झालेला किंवा डायबेटीसने संवेदना गेलेला पेशंट एमआरआयवर पाऊण तास आणि कॅथलॅबमध्ये त्याहून जास्त वेळ न हलता पडून असतो. केशवाहिन्या दबण्यासाठी साधारण ३२ मिलीमीटर पाऱ्याचा दाब पुस्तकात दिलेला असतो. आजारी, कृश माणसाला त्याहून कमीही पुरतो. माकडहाड आणि टाचा थेट कार्बन फायबरला टेकल्या तर तो आकडा कधीच ओलांडलेला असतो. प्रेशर मॅपिंगची चटई मिळाली तर नेमकं मोजता येतं, पण मुठीची चाचणी फुकट आहे.

गादी सरकते का तेही याच वेळी बघून घ्या. खालचा वेल्क्रो किंवा न सरकणारा थर गेला असेल तर पेशंट टेबलाच्या कडेला बसला की गादीसकट खाली येतो. सीटीत गादीची कड बाहेर लोंबत असेल तर गॅन्ट्रीत (मशीनच्या गोल कड्यात) शिरताना अडकते.

७. एमएएस किती वाढतो?

आता ते न दिसणारं लक्षण. १० लिटरचा चपट्या बाजूंचा प्लास्टिकचा कॅन काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा. गादी काढून थेट टेबलावर ठेवा. ८० केव्ही, एईसीचं मधलं चेंबर, फील्ड (किरणांचा चौकोन) कॅनच्या आतच. एक्स्पोजर द्या आणि मशीनने दाखवलेला एमएएस लिहून ठेवा. मग कॅनखाली गादी घालून सगळं जसंच्या तसं ठेवा. पुन्हा लिहा. प्रत्येक मांडणीत तीनदा घेऊन सरासरी काढा.

समजा गादीविना १० आणि गादीसह १०.५ आला. पाच टक्के, ठीक. १२ आला तर गादी दर पेशंटला वीस टक्के जास्त किरण द्यायला लावते आहे. एईसी डिटेक्टरपर्यंत ठरलेली मात्रा पोचेपर्यंत ट्यूब चालू ठेवतो, म्हणून फिल्म बिघडत नाही. आणि ट्यूब वर असताना गादी पेशंटच्या मागे येते, म्हणून ती अडवते त्याची भरपाई थेट पेशंटच्या अंगातून जाते. ट्यूब खाली असलेल्या सी-आर्मला (ऑपरेशनच्या वेळी वापरतात त्या फिरत्या एक्स-रे मशीनला) हिशोब वेगळा. तिथे गादी पेशंटच्या आधी येते, भरपाईचा बराच भाग गादीच खाते, आणि वाढतं ते ट्यूबवरचं ओझं आणि आजूबाजूला विखुरणारे किरण. ते ओटीतल्या सिस्टरांना आणि सरांना लागतात.

एईसी नसेल तर एमएएस कायम ठेवून डीआरचा डेव्हिएशन इंडेक्स (ठरलेल्या मात्रेपेक्षा किरण किती कमी-जास्त पोचले तो आकडा) बघा. परीक्षेचं नाव, फील्ड, सगळं सारखंच हवं. गादी घातल्यावर इंडेक्स १ ने खाली आला तर साधारण २० टक्के किरण अडले, ३ ने खाली आला तर निम्मे.

ही मापं ढोबळ आहेत, गाद्यांची आपसांत तुलना करायला पुरेशी. गादी किती मिलीमीटर ॲल्युमिनियमच्या बरोबरीची आहे हे अधिकृतपणे हवं असेल तर डोसमीटर आणि शुद्ध ॲल्युमिनियमचे पत्रे घेऊन फिजिसिस्टनेच मोजायला हवं.

सीटी आणि एमआरआय

सीटी असलेल्या सेंटरला एक सोय आहे. एक्स-रेची संशयित गादी सीटीच्या टेबलावर पसरा आणि फक्त स्काउट (स्कॅनआधी काढतात ते सपाट चित्र) काढा. पिन, टाचणी, चेनचा सरक, वाळलेला कॉन्ट्रास्ट, सगळं एका चित्रात दिसतं. सीटीची स्वतःची गादी तपासायची तर रिकामा स्कॅन घ्या आणि विंडो रुंद करून बघा. रोजच्या पाण्याच्या फँटमचा (मशीन तपासायच्या पाणी भरलेल्या नमुन्याचा) आकडा शून्याजवळून हलला असेल तर मात्र तो दोष गादीवर ढकलू नका, ते कॅलिब्रेशन आहे.

एमआरआयची गादी वेगळीच जात. तिथे एक्स-रेची गादी तात्पुरती म्हणूनही न्यायची नाही. चेनचा लोखंडी सरक चुंबकाने ओढला जातो. कोपऱ्यात राहिलेली पिन उडते. हातातला चुंबक लावून तपासायचं ते खोलीबाहेर. पण चुंबक चिकटला नाही म्हणून गादी सुरक्षित ठरत नाही: ॲल्युमिनियमचा सरक, कार्बनचा धागा, चंदेरी अस्तर चुंबकाला दाद देत नाहीत, वीज मात्र वाहून नेतात, आणि रेडिओ लहरींत तापतात. म्हणूनच एक्स-रेसाठी उत्तम असलेला कार्बन फायबर एमआरआयमध्ये नको. गादीवर ‘एमआर सेफ’ची हिरवी चौकट किंवा ‘एमआर कंडिशनल’चा पिवळा त्रिकोण आणि त्याच्या अटी छापलेल्या हव्यात. गादीवाल्याचं ‘होय साहेब, चालते’ हे लेबल नव्हे. पेशंट आणि बोअरच्या (मशीनच्या बोगद्याच्या) भिंतीच्या मध्ये ठेवायचे पॅड दबून पातळ झाले असतील किंवा सलाइनने ओले असतील तर लगेच बदला. भाजण्यापासून तेच वाचवतात. वाळूच्या पिशव्याही बघा, काहींत वाळूऐवजी लोखंडी छर्रे असतात.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

डाग गादीबरोबर हलत नसेल, डिटेक्टरवर त्याच जागी राहत असेल, तर कंपनीचा इंजिनिअर. कॅलिब्रेशन स्वतः करून डाग ‘पुसू’ नका. गादी टेबलावर असताना कॅलिब्रेशन केलं तर गादीचा डाग कायमचा प्रत्येक फिल्ममध्ये उलटा उमटतो.

टेबलटॉपला तडा, फुगवटा किंवा टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर पेशंट घेणं बंद. पाणी किंवा रक्त टेबलाच्या आत गेल्याची शंका आली तर मेन स्विच बंद करून फोन.

गादी न घालताही एमएएस पूर्वीपेक्षा जास्त लागत असेल तर ट्यूब, जनरेटर किंवा एईसी बघायला हवा. ते काम एईआरबीने (अणुऊर्जा नियामक मंडळाने) मान्यता दिलेल्या क्यूए (गुणवत्ता तपासणी) एजन्सीचं. डायग्नोस्टिक एक्स-रेचा क्यूए दर दोन वर्षांनी करावाच लागतो. तो माणूस डोसमीटर घेऊन आलेलाच असतो, तेव्हा गादीसह आणि गादीविना अशी दोन जादा मापं त्याच्याकडून मागून घ्या. न मागता कोणी घेतलेली मी पाहिली नाहीत.

एमआरआयमध्ये चटका बसला, किंवा कोणाला गादीमुळे दाबाची जखम झाली, तर ती नोंद डॉक्टरांकडे आणि कंपनीकडे लेखी गेली पाहिजे. गादी बदलून विषय मिटवू नका. ती गादी बाजूला जपून ठेवा.

फेकायची कशी? रक्त किंवा शरीरातले द्राव लागलेली गादी २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या वर्गात येते. भंगारवाल्याला द्यायची नाही, वॉचमनच्या खोलीत अंथरायची तर मुळीच नाही. कचरा उचलणाऱ्या एजन्सीला आधी फोन करून सांगा, कारण पिशवीत मावत नाही म्हणून ते दारात सोडून जातात.

नवी घेताना पक्कं बिल करण्याआधी फोम आणि कव्हरचा हातभर तुकडा मागा. ६० केव्हीवर एक एक्स्पोजर, पाण्याचा खळगा आणि वजन, एवढं त्या तुकड्यावरच होतं. ‘मेडिकल ग्रेड आहे साहेब, काही बघायला नको’ म्हणून तुकडा द्यायला टाळाटाळ केली तर दुसरा विक्रेता बघा. गादी आल्यावर पहिल्याच दिवशी तिचं वजन, जाडी आणि कॅनखालचा एमएएस मार्करने टेबलाच्या लॉगबुकात लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलना त्या आकड्याशीच करायची आहे.